वजन उतरल्यावर यकृताकडे कोण पाहणार?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलणं निघालं की दोनच सूर ऐकू येतात. मधुमेह, रक्तदाब, फॅटी लिव्हर अशा सगळ्यांवर हाच रामबाण उपाय, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की धडधाकट आतडं कापून जोडणं हा जिवाशी खेळ आहे, त्या वाटेला जाऊच नये. यकृतापुरतं बोलायचं तर दोन्ही बाजूंच्या हाती पुरावा आहे. या शस्त्रक्रियेने असंख्य लोकांची यकृतं सुधारली. तिच्याच काही प्रकारांनी थोड्या लोकांची यकृतं इतकी निकामी केली, की प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरला नाही.

हा फरक केवळ नशिबाचा आहे असं मला वाटत नाही. कोणती शस्त्रक्रिया निवडली, आतड्याची किती लांबी मागे ठेवली, आधी यकृत नीट तपासलं का आणि नंतरच्या वर्षांत त्या माणसावर कुणाचं लक्ष होतं का, यावर तो बराचसा ठरतो. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत ढिसाळपणे हाताळली जाते. शस्त्रक्रिया करणारे हात कुशल असतात, यंत्रसामग्री उत्तम असते, दोन-तीन दिवसांत माणूस घरी जातो, आणि पुढच्या चाळीस वर्षांची जबाबदारी कुणाच्याच नावावर राहत नाही. जे रुग्णालय आजन्म पाठपुराव्याची व्यवस्था दाखवू शकत नाही, त्याला ही शस्त्रक्रिया करण्याची परवानगीच असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मत टोकाचं वाटेल. पण या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचला की ते फारसं टोकाचं वाटत नाही.

१९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या सर्जननी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून वजन उतरवण्याची कल्पना मांडली. लहान आतडं कित्येक मीटर लांब असतं आणि अन्नातलं सत्त्व मुख्यतः तिथेच शोषलं जातं. शोषणच कमी झालं तर वजन उतरणार, हा हिशेब सरळ होता. पुढे पेन आणि डीविंड यांनी अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून थेट मोठ्या आतड्यात सोडून पाहिलं. रुग्णांना इतके जुलाब झाले आणि यकृताचे इतके बिघाड दिसले की ती पद्धत सोडून द्यावी लागली. मग १९६९ मध्ये त्यांनी सुधारित पद्धत मांडली. तिच्यात लहान आतड्याचे सुरुवातीचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडले जात. अन्नाच्या वाट्याला उरलं जेमतेम दीड फूट आतडं. बाकीचं सगळं पोटातच राही, पण एका टोकाला शिवून बंद केलेलं, अन्नाच्या वाटेबाहेर पडलेलं.

वजन उतरलं, भरपूर उतरलं. हजारो लोकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. काही महिन्यांनी, काहींच्या बाबतीत काही वर्षांनी, थकवा, पायांवर सूज, कावीळ, पोटात पाणी अशी लक्षणं दिसू लागली. यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याच्या यकृतासारखा दिसे, आणि हे लोक तर दारू पीत नव्हते. काही जण यकृत निकामी होऊन दगावले. काहींना सिऱ्होसिस झाला, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक झालं. मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे, सांध्यांची दुखणी, कधीच न थांबणारे जुलाब हे वेगळंच. १९८० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया जवळपास सगळीकडे बंद झाली.

पहिल्या मांडणीपासून बंद होईपर्यंत सुमारे पाव शतक गेलं. वैद्यकशास्त्रात चुका होतात आणि त्या दुरुस्तही होतात. पण इतका वेळ का लागला, हा प्रश्न मला सोडत नाही. सर्जनच्या वहीत वजनाचे आकडे होते आणि ते उत्तम होते. कावीळ झालेला रुग्ण मात्र बहुधा दुसऱ्याच वॉर्डात, दुसऱ्याच डॉक्टरकडे, कित्येकदा दुसऱ्याच गावात दाखल होत असे. तिथल्या डॉक्टरांसमोर यकृताचा एक बुचकळ्यात टाकणारा रुग्ण असे. ज्याने आतडं जोडलं आणि ज्याने मृत्यूचा दाखला लिहिला, त्या दोघांच्या नोंदी एकत्र यायला वर्षं लागली. त्यातून यकृत हा सोशिक अवयव. त्याची बरीच शक्ती संपेपर्यंत माणसाला काही जाणवतही नाही. ज्यांना त्रास नव्हता त्यांच्या यकृतातही व्रण साठत होते, आणि त्यांना कुणी तपासणीला बोलावत नव्हतं.

नेमकं बिघडत काय होतं? आतड्यातून रक्तात शोषलेलं सत्त्व आधी एका मोठ्या शिरेवाटे यकृतात जातं. वजन झपाट्याने उतरू लागलं की शरीरातल्या चरबीच्या साठ्यांमधून मेदाम्लं सुटतात आणि त्यांचाही लोंढा यकृताकडे येतो. यकृत ही चरबी प्रथिनांच्या आवरणात गुंडाळून पुन्हा रक्तात सोडतं. ते आवरण बनवायला प्रथिनं हवीत, आणि आतडंच इतकं तोकडं असेल तर प्रथिनं शोषली जात नाहीत. चरबी आत येत राहते, बाहेर जाण्याची सोय नसते. कुपोषित मुलांना होणाऱ्या क्वाशिओरकॉरमध्ये पाय सुजतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे यकृतात बनणारं प्रथिन घटतं आणि यकृत चरबीने भरतं, त्यामागेही प्रथिनांची हीच टंचाई धरली जाते. शंभर किलोंहून अधिक वजनाचा माणूस आणि उपाशी मूल यांना एकाच जातीचा विकार होऊ शकतो, ही गोष्ट मनाला पटायला जड जाते. डॉक्टरांनाही ती जड गेली. समोर जाड माणूस बसला असताना ‘कुपोषण’ हा शब्द सहजी तोंडात येत नाही.

दुसरं कारण त्या बंद पडलेल्या आतड्याचं. तिथे अन्नाचा प्रवाह नाही, म्हणून जिवाणू बेसुमार वाढत. त्यांची विषद्रव्यं त्याच शिरेतून यकृतात पोचत आणि तिथे दाह पेटवत. मेट्रोनिडाझोलसारखं प्रतिजैविक दिल्यावर काही रुग्णांची यकृतं सुधारली, तेव्हा या तर्काला बळ मिळालं. तिसरं कारण वेगाचं. आठवड्याला सुमारे १.६ किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरलं तर यकृतातला दाह वाढू शकतो, असा इशारा यकृततज्ज्ञ वजन उतरवण्याच्या सर्वच उपायांबद्दल देत आले आहेत.

त्याच १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दारू न पिणाऱ्या या माणसांची यकृतं दारुड्याच्या यकृतासारखी दाह पावलेली होती, आणि त्यातले बरेच जण लठ्ठ होते. फॅटी लिव्हरमधून उद्भवणाऱ्या यकृतदाहाची आजची ओळख तिथून पक्की झाली. जुन्या शस्त्रक्रियेने यकृतात जे चित्र निर्माण केलं, त्याच चित्रावर आजची शस्त्रक्रिया उपाय म्हणून पुढे येते आहे. हे मला थक्क करतं.

आणि ती खरोखर उपाय आहे. इथे मला कुठलाही आडपडदा ठेवायचा नाही. फ्रान्समधल्या लील इथल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी पुन्हा यकृताचे तुकडे तपासले. ८४ टक्के रुग्णांमध्ये यकृतदाह नाहीसा झाला होता आणि ७० टक्क्यांमध्ये व्रणही कमी झाले होते. २०२१ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने १,१५८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सगळ्यांना यकृतदाह असल्याचं तुकडा तपासून सिद्ध झालेलं होतं. दहा वर्षांत सिऱ्होसिस, यकृताचा कर्करोग, प्रत्यारोपण किंवा यकृतामुळे मृत्यू अशा गंभीर घटनांचं प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांमध्ये ९.६ टक्के होतं, झालेल्यांमध्ये २.३ टक्के. दोन वर्षांनी रोमच्या संशोधकांनी २८८ रुग्णांची चाचणी मांडली. आहार-व्यायामाच्या गटात १६ टक्के लोकांचा यकृतदाह व्रण न वाढता निवळला, शस्त्रक्रियेच्या दोन्ही गटांत ५६-५७ टक्के लोकांचा. इतका फरक दाखवणारे उपाय यकृताच्या आजारांत फार नाहीत. ज्याला गरज आहे त्याने हा लेख वाचून शस्त्रक्रियेपासून पळ काढला तर मला वाईट वाटेल.

मग जुन्या आणि नव्यात फरक कुठे पडला? मुख्यतः आतड्याच्या लांबीत. आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ च्या सुमारास जठर लहान करण्याचा मार्ग धरला. आजचा नेहमीचा गॅस्ट्रिक बायपास त्याच वळणाचा. त्यात आतड्याची वाट बदलते, पण अन्न आणि पाचकरस एकत्र येऊन शोषले जातील असं पुष्कळ आतडं शिल्लक राहतं, आणि कुठलाही तुकडा निचऱ्याविना पडून राहत नाही. सध्या जगात सर्वाधिक होणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत तर आतड्याला हातच लावत नाहीत, जठराची फक्त नळी करतात.

पण कमी आतडं ठेवून जास्त वजन उतरवण्याचा मोह संपला नाही. इटलीच्या निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत अन्न आणि पाचकरस एकत्र येतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या ५० सेंटिमीटरमध्ये. वगळलेल्या भागातून पित्त वाहत राहत असल्याने जिवाणूंचा प्रश्न बराच सुटला, प्रथिनांचा सुटला नाही. यकृत निकामी होऊन प्रत्यारोपण करावं लागलेल्या रुग्णांची वर्णनं युरोप आणि दक्षिण अमेरिकेतून आली, त्यांत या पद्धतीची शस्त्रक्रिया झालेले ठळकपणे होते. १९९७ मध्ये रॉबर्ट रटलेज यांनी एकाच जोडाचा, करायला सोपा ‘मिनी’ बायपास आणला. तो झपाट्याने पसरला. त्यात सुरुवातीचं साधारण दीड ते दोन मीटर आतडं वगळतात. वजन जास्त असेल तर काही सर्जन त्याहूनही अधिक वगळत गेले, आणि तिथून पुन्हा यकृताच्या बिघाडाच्या बातम्या येऊ लागल्या. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत दोन मीटर वगळणारा हा एकजोडी बायपास आणि नेहमीचा बायपास समोरासमोर ठेवले होते. वजन दोन्हींत सारखंच उतरलं. कुपोषणाच्या गंभीर घटना मात्र एकजोडी बायपासच्या गटात दिसल्या.

सगळ्यांचं आतडं सारख्या लांबीचं नसतं. एकाचं चार मीटर असेल, दुसऱ्याचं आठ. दोघांचं दोन मीटर वगळलं तर पहिल्याकडे दोन मीटर उरतं, दुसऱ्याकडे सहा. शस्त्रक्रिया कागदावर एकच, नाव एकच, आणि पहिला माणूस कुपोषणाच्या कड्यावर उभा. किती वगळलं यापेक्षा किती उरलं हे महत्त्वाचं आहे, हे कळायला मोठ्या संशोधनाची गरज नाही. तरीही पूर्ण आतडं मोजण्याचा नेम सगळे सर्जन पाळत नाहीत. मोजायला वेळ लागतो, हाताळताना आतड्याला इजा होण्याची थोडी भीती असते, अशी कारणं देतात. कारणं खोटी नाहीत. पण ज्या लांबीवर माणसाचं यकृत अवलंबून आहे ती न मोजता जोड घालणं मला मान्य होत नाही. मोजली, तर तो आकडा रुग्णाच्या हातात द्यायला हवा. कोणती शस्त्रक्रिया, किती सेंटिमीटर वगळलं, किती शिल्लक, एवढं लिहिलेलं एक कार्ड. दहा वर्षांनी परक्या गावात कावीळ होऊन दाखल झालेल्या माणसाच्या पोटावर दुर्बिणीचे चार-पाच बारीक व्रण दिसतात. आत काय जोडलंय ते त्या व्रणांवरून कळत नाही.

शस्त्रक्रियेआधीही यकृताकडे पाहिलं जातं, पण वेगळ्याच नजरेने. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. फॅटी लिव्हरमध्ये तो इतका फुगतो की दुर्बिणीतून काम करताना वाट अडवतो. म्हणून आधीचे दोन आठवडे किंवा थोडे अधिक दिवस अगदी कमी उष्मांकांचा आहार देतात. यकृत आकसतं, सर्जनला जागा मिळते. शस्त्रक्रियेत ते धातूच्या पट्टीने उचलून धरतात, त्याने यकृताची एन्झाइम्स काही दिवस वाढतात आणि आपोआप उतरतात. हा त्रास किरकोळ. पण एक गोष्ट खटकते. यकृत सर्जनच्या वाटेत असतं तोवर त्याची काळजी तपशिलाने घेतली जाते. ते वाटेतून दूर झालं की लक्षही सरतं.

खरं तर त्या आधीच्या दिवसांत शोधायला हवा तो सिऱ्होसिस. यकृताची एन्झाइम्स नॉर्मल आली म्हणजे यकृत ठीक, हा समज डॉक्टरांमध्येही आढळतो आणि तो चुकीचा आहे. पुढच्या टप्प्याचे व्रण असतानाही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या १९९८ ते २००७ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा सिऱ्होसिस नसलेल्यांमध्ये वजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं, सिऱ्होसिस असून यकृत अजून काम रेटत असलेल्यांमध्ये ०.९ टक्के. ज्यांचं यकृत थकलेलं होतं त्यांच्यात १६.३ टक्के, म्हणजे दर सहा जणांत जवळपास एक. वय, दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट यांवरून निघणारा फिब-४ हा आकडा साध्या रक्ततपासणीतून मिळतो. तो जास्त आला तर यकृताचा कडकपणा बाहेरूनच मोजणारा फायब्रोस्कॅन, गरज पडली तर यकृताचा तुकडा. एवढं न करता कुणालाही टेबलावर घेऊ नये. आणि पोट उघडल्यावर अचानक खडबडीत यकृत दिसलं तर काय करायचं, थांबायचं की साधी शस्त्रक्रिया करायची, हे रुग्णाशी आधीच बोलून संमतीपत्रात लिहिलेलं असावं. बेशुद्ध माणसाच्या वतीने तो निर्णय घाईत घेणं कुणाच्याच हिताचं नाही.

आता येतात नंतरची वर्षं.

पहिल्या वर्ष-दीड वर्षात वजन झरझर उतरतं, मग स्थिरावतं. ते स्थिरावलं नाही, उतरतच राहिलं, तर सावध व्हायला हवं. पण नेमकं तेव्हाच भोवतालचे सगळे कौतुक करत असतात. अजून उतरतंय, वा! घोट्यांवरची सूज कुणी मनावर घेत नाही, गळणारे केस शस्त्रक्रियेनंतरचं नेहमीचं म्हणून सोडून दिले जातात, दंड-मांड्यांचे स्नायू झडतात ते सडपातळपणात जमा होतात. धोक्याचं लक्षण यशाच्या वेषात येतं, हे या गुंतागुंतीचं सर्वांत घातक वैशिष्ट्य आहे. अल्ब्युमिन तपासलं तर पुष्कळ कळतं. ही तपासणी साधी आहे. ती कुणी सांगतच नाही, म्हणून राहते.

दारूबद्दल अधिक उघडपणे बोलायला हवं. बायपासनंतर दारू जठरात फारशी रेंगाळत नाही, पटकन आतड्यात उतरते. तेवढ्याच दारूने रक्तातली पातळी अधिक लवकर आणि अधिक उंच चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत बायपासनंतर पाच वर्षांत, आधी तसा त्रास नसलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांमध्ये दारूच्या व्यसनाची लक्षणं नव्याने दिसली. जठराला नुसता पट्टा बांधलेल्यांमध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. ही वाढ पहिल्या वर्षी दिसत नाही, दुसऱ्या वर्षापासून वर येतं, म्हणजे नेमकं पाठपुरावा सैल पडू लागतो तेव्हा. फॅटी लिव्हर बरं व्हावं म्हणून शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाचं यकृत पुढे दारूने जावं, यासारखी हळहळ लावणारी गोष्ट नाही. याचा दोष त्याच्या स्वभावावर टाकून मोकळं होणं अन्यायाचं आहे. त्याच्या शरीरात दारू वागते कशी, हेच आपण शस्त्रक्रियेने बदललेलं असतं. तसं बदलणार आहे, हे त्याला आधी सांगितलं होतं का? संमतीपत्रातल्या बारीक ओळीत नव्हे, समोर बसवून, घरच्यांसह?

पॅरासिटामॉलचं तसंच. बायपासनंतर जोडाजवळ अल्सर होऊ नये म्हणून आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या वर्ज्य असतात. मग डोकं दुखो की गुडघा, हाताशी उरतं पॅरासिटामॉल. नेहमीच्या मात्रेत ते सुरक्षित आहेच. पण त्याचं विष निकामी करणारं यकृतातलं ग्लुटाथिओन उपासमारीत घटतं, आणि जो माणूस नीट जेवू शकत नाही, उलट्या करतोय, वर दारू पितोय, त्याने रोज गोळ्या घेतल्या तर धोका वाढतो. क्वचित असंही होतं की यकृतात सिऱ्होसिस नसताना रक्तातला अमोनिया वाढतो आणि माणूस बरळू लागतो. तिथे बायपास आठवणारा डॉक्टर भेटला तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. पित्ताशयातल्या खड्यांची गोष्ट त्या मानाने आशेची आहे. वजन वेगाने उतरताना ते होण्याचा धोका वाढतो, पण पहिले सहा महिने अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल दिलं तर बरेच टळतात. १९९५ च्या एका चाचणीत ते रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी २ टक्क्यांना खडे झाले, न घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. इतका साधा, सिद्ध झालेला उपाय असूनही तो प्रत्येकाला मिळतोच असं नाही. यात नव्या संशोधनाची वाट पाहण्यासारखं काहीच नाही.

यकृताचा बिघाड वेळेत कळला तर तो बहुधा उलटवता येतो. प्रथिनं आणि जीवनसत्त्वं, गरज पडली तर नळीतून आहार, जिवाणूंवर औषध, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर आतड्याची अधिक लांबी पुन्हा वाटेत आणणारी दुसरी शस्त्रक्रिया. उशीर झाला तर हीच दुसरी शस्त्रक्रिया जीवघेणी ठरते, कारण थकलेलं यकृत भूल आणि चिरफाड सोसत नाही. मग उरतं प्रत्यारोपण. या दोन टोकांमध्ये असतात काही महिने आणि दोन-चार साध्या रक्ततपासण्या.

माझ्या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, यकृताची भीती घातली तर गरजू लोक शस्त्रक्रिया टाळतील. लोकांना समज असते, असं मी धरतो. यकृताच्या गंभीर घटनांमधला ९.६ आणि २.३ टक्क्यांचा फरकही सांगा, तोकड्या आतड्याचा धोकाही सांगा. अर्धं सांगून मिळवलेली संमती पुढे कज्ज्यात टिकत नाही आणि विश्वासात तर नाहीच. दुसरा आक्षेप खर्चाचा. आयुष्यभर दरवर्षी तपासण्या कोण करणार, पैसे कोण देणार? शस्त्रक्रियेचा खर्च ठरवतानाच त्यात पाठपुराव्याचा भाग धरावा आणि तो वेगळा राखून ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. विमा कंपनी असो की सरकार, जो शस्त्रक्रियेचे पैसे देतो त्याने नंतरच्या अल्ब्युमिनच्या तपासणीला नकार देऊ नये. एका प्रत्यारोपणाच्या खर्चात अशा किती तपासण्या बसतील याचा हिशेब कुणीही करावा.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो: आम्ही बोलावतो, रुग्णच येत नाहीत. हे खरं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून गळती वाढते, हा जवळपास सर्वत्रचा अनुभव आहे. पण न येणारे कोण असतात ते पाहायला हवं. ज्यांचं उत्तम चाललंय ते येत नाहीत. वजन पुन्हा वाढलेले संकोचाने येत नाहीत. दारू सुरू झालेले लपवण्यासाठी येत नाहीत. अशक्तपणाने अंथरुणाला टेकलेल्यांना येण्याचं बळ नसतं. जे येतात त्यांच्यावरूनच आपण यशाचे आकडे काढतो, आणि यकृत बिघडलेला माणूस बरोबर त्या आकड्यांबाहेर राहतो. १९५४ ते १९८० मध्ये जे घडलं त्याचंच हे सौम्य रूप आहे.

म्हणून नोंदवही हवी, आणि ती सक्तीची हवी. या क्षेत्रातल्या जाणत्यांनी हे कधीच ओळखलं होतं. एडवर्ड मेसन यांनी १९८६ मध्ये अशा शस्त्रक्रियांची नोंदवही सुरू केली. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या प्रत्येकी सुमारे दोन हजार लोकांचा माग दशकानुदशकं ठेवला गेला, आणि या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढतं हे आपण आज खात्रीने म्हणतो ते बऱ्याच अंशी त्या चिकाटीमुळे. अशी नोंदवही स्वेच्छेची ठेवली तर चांगलं काम करणारेच त्यात नाव घालतात. तिच्यात वजनासोबत अल्ब्युमिन, यकृताची स्थिती, शिल्लक आतड्याची लांबी आणि मृत्यूचं कारण असायला हवं. यकृतविभागात दाखल झालेला रुग्णही तिथेच नोंदला गेला पाहिजे, म्हणजे दोन वॉर्डांमधली ती जुनी भिंत मोडेल.

यापुढे हे आणखी गरजेचं होणार आहे. यकृतदाहावर आता औषधं येऊ लागली आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये रेसमेटिरोमला मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी सेमाग्लुटाइडला. सौम्य आजाराचे पुष्कळ लोक औषधांकडे वळतील. शस्त्रक्रियेकडे येणाऱ्यांमध्ये ज्यांचं वजन खूप जास्त आहे आणि यकृत आधीच दुखावलेलं आहे अशांचं प्रमाण वाढेल, असा माझा अंदाज आहे. त्यांच्या बाबतीत ढिलाई परवडणार नाही.

रुग्ण येत नसेल तर रुग्णालयाने त्याच्याकडे जायला हवं, एवढंच मी मागतो. तपासणीची तारीख चुकली की आठवड्याभरात फोन जावा. फोन करणाऱ्याच्या हाती वजनाच्या प्रश्नाआधी चार प्रश्न असावेत. पायांवर सूज आहे का? जेवण टिकतं का, की उलटून पडतं? दारू किती होते? वेदनेसाठी रोज काय घेता? हे काम प्रशिक्षित परिचारिका करू शकते, त्यासाठी सर्जन लागत नाही. यातलं एक उत्तर जरी वाकडं आलं तरी त्याच आठवड्यात रक्त तपासलं जावं आणि अल्ब्युमिन कमी निघालं तर रुग्णाला दाखल करून घेण्याचा अधिकार त्या परिचारिकेला असावा. आणि परवान्याच्या दर नूतनीकरणाला रुग्णालयाला आधी विचारावं, की पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली तुमची माणसं आज कुठे आहेत आणि त्यांची यकृतं कशी आहेत. ज्यांना हे सांगता येत नाही, त्यांनी सांगता येईपर्यंत नवा रुग्ण घेऊ नये.